गाडीचे दुखणे तिच्या मालकाला कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत येणारी नव्या मोटारींची परीक्षणे मी नेमाने वाचतो. पडदा किती इंची आहे, गाडी आपोआप ब्रेक लावते का, लेन सुटू लागली तर स्टिअरिंग स्वतः सावरते का, याची माहिती त्यांत तपशिलाने असते. तीच गाडी दहा वर्षांनी बिघडली, तर बिघाड कोठे आहे हे मालकाला किंवा साध्या गॅरेजमधल्या मेकॅनिकला कळण्याची काही सोय तिच्यात ठेवली आहे का, याविषयी मात्र एकही ओळ नसते. मी गेली पस्तीस वर्षे आपल्या गाड्यांची बरीचशी कामे घरीच करत आलो आहे. कार्बुरेटर साफ केलेले हात आता गाडीतल्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड वाचणारा स्कॅनरही चालवतात. त्यामुळे नव्या तंत्रज्ञानाने चालकाचे आणि घरी दुरुस्ती करणाऱ्याचे भले केले की नुकसान, या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

जुन्या गाड्यांविषयी माझ्या पिढीतली माणसे फार हळवी होऊन बोलतात, म्हणून आधी तिकडचे खरे सांगतो. त्या गाड्या घरी दुरुस्त होत असत याचे एक मोठे कारण म्हणजे त्या सतत दुरुस्तीला येत असत. प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काही हजार किलोमीटरमध्ये झिजायचे, त्यांतले अंतर कमी झाले की ठिणगीचे टायमिंग सरकायचे आणि गाडी मिसिंग करू लागायची. मग फिलर गेजची पाती घालून साधारण ०.४ मिलिमीटरचे अंतर पुन्हा जुळवायचे, प्लग काढून ब्रशने घासायचे, थंडीत चोक ओढून इंजिन धरायचे आणि जास्त ओढला की प्लग पेट्रोलने ओले झाले म्हणून अर्धा तास वाट पाहायची. हे सगळे मी आवडीने केले आहे, पण ज्याला फक्त वेळेवर कामावर पोहोचायचे होते त्याला ही कटकट होती. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि फ्युएल इंजेक्शन यांनी ती संपवली. आज एखादी गाडी वर्षानुवर्षे प्लग आणि फिल्टर यांच्यापलीकडे काही न मागता चालते, हे श्रेय त्यांनाच दिले पाहिजे.

सुरक्षिततेच्या बाबतीत तर मला वादाला जागाच दिसत नाही. जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आली आणि १९९५ मध्ये त्याच दोन कंपन्यांनी घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी आणली. वळणावर गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाऊ लागली, तर ती सावरायला एकाच चाकाला, नेमक्या क्षणी, नेमका तेवढाच ब्रेक लागावा लागतो. चालकाच्या पायाखाली चारही चाकांसाठी एकच पेडल असते, म्हणून कितीही निष्णात चालक असला तरी हे काम माणसाच्या हातचे नाही. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ पासून ही यंत्रणा नव्या गाड्यांत सक्तीची झाली. समोरच्या गाडीवर आदळण्याआधी आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेमुळे अशा धडका जवळपास निम्म्याने कमी झाल्याचे अमेरिकेतील विमा क्षेत्राच्या महामार्ग सुरक्षा संस्थेला अभ्यासात आढळले आहे. अशा यंत्रणेच्या बदल्यात मला एखादी दुरुस्ती घरी करता आली नाही, तरी मी तक्रार करणार नाही.

पण सगळेच नवे तंत्र या तोडीचे नसते. बटणे आणि गोल खुंट्या काढून टाकून सगळा कारभार टचस्क्रीनवर नेण्याची जी चाल पडली आहे, तिने चालकाला काय दिले हे मला अजून कळलेले नाही. एका स्वीडिश मोटार मासिकाने २०२२ मध्ये याची साधी चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवत असताना सीटचा हीटर लावणे, तापमान दोन अंशांनी वाढवणे, रेडिओचे ठरावीक केंद्र लावणे, डॅशबोर्डचा प्रकाश कमी करणे अशी नेहमीची कामे चालकांना करायला लावली. बटणे असलेल्या २००५ सालच्या व्होल्वोमध्ये ती दहा सेकंदांत, म्हणजे गाडी ३०६ मीटर जाईपर्यंत, झाली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीत त्यांना जवळपास ४५ सेकंद लागले आणि तेवढ्यात गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती. खुंटी बोटांना सापडते, तिची दिशा आणि टप्पा हाताला कळतो. काचेच्या सपाट पडद्यावर नजरेवाचून काहीच सापडत नाही, आणि ती नजर रस्त्यावरूनच उचलावी लागते. नव्या गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासूनच्या आपल्या गुणांकनात इंडिकेटर, हॅझार्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीची हाक यांसाठी प्रत्यक्ष बटणे किंवा दांडे असण्याला महत्त्व दिले आहे. ज्या गोष्टी आधीच होत्या त्यांच्यासाठी गुण द्यावे लागावेत, ही वेळ कोणी आणली याचा विचार गाड्या आखणाऱ्यांनी करावा.

आता घरच्या दुरुस्तीकडे येतो, कारण माझे खरे म्हणणे तेथेच आहे.

‘हल्ली गाडीत सगळा कॉम्प्युटर आहे, घरी काही करता येत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते अर्धेच खरे आहे हे सांगायची आता गरज वाटते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीत ओबीडी-२ ही पद्धत सक्तीची झाली आणि युरोपात २००१ पासून पेट्रोल गाड्यांना तशीच पद्धत लागू झाली. डॅशबोर्डखाली, चालकाच्या आवाक्यात सोळा पिनांचे एकाच आकाराचे सॉकेट आणि धुराशी संबंधित बिघाडांचे सर्व कंपन्यांना समान असे कोड, हे तिचे स्वरूप. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट न पेटणे, मग गाडी कोणाचीही असो. ही सोय दुरुस्ती करणाऱ्यांवर मेहेरबानी म्हणून मिळालेली नाही. धूर वाढला की गाडीने ते ओळखले पाहिजे आणि ते कोणालाही तपासता आले पाहिजे, या प्रदूषणविरोधी कायद्याच्या आग्रहातून ती आली. पण तिच्यामुळे घरी काम करणाऱ्याच्या हातात जेवढे बळ आले, तेवढे पान्यांच्या कुठल्याही पेटीने दिले नव्हते.

माझ्याच गाडीचा अनुभव सांगतो. इंजिनचा दिवा लागला आणि सिग्नलला उभी असताना गाडी थरथरू लागली. सर्व्हिस सेंटरने कोड वाचला, पी-०१७१, म्हणजे इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठ दिवसांत दिवा पुन्हा लागला, तेव्हा त्यांनी पेट्रोलचा पंप बदलावा लागेल असे सांगितले. मी गाडी घरी आणली, साधा ब्लूटूथ स्कॅनर लावला आणि कोडपाशी न थांबता चालू इंजिनचे आकडे पाहत बसलो. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोल युनिट, आपल्या हिशेबापेक्षा किती पेट्रोल वाढवून देते आहे, याचा आकडा त्यात दिसतो. गाडी नुसती उभी असताना तो २२ टक्के होता. ॲक्सिलरेटर दाबून इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरले की तो ६ टक्क्यांवर उतरायचा. पंप कमजोर असता, तर इंजिनची मागणी वाढेल तसा हा आकडा चढायला हवा होता. उलट होत होते, याचा अर्थ कोठून तरी चोरून हवा आत शिरत होती. गाडी उभी ठेवून इंजिन आयडलला असताना इनटेकमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेतला, व्हॅक्यूम सर्वांत जोरदार असतो आणि इंजिन घेते ती एकूण हवा थोडी असते, म्हणून बारीकशी गळतीही तेव्हा मोठी ठरते. फेऱ्या वाढल्या की तीच गळती एकूण हवेच्या मानाने नगण्य होते.

मग बॉनेट उघडून टॉर्च आणि हातआरसा घेऊन एकेक नळी तपासली. इनटेक मॅनिफोल्डच्या मागे, इंजिनमधली वाफ परत आत नेणारी एक रबराची वाकडी नळी असते. वरून ती धडधाकट दिसत होती, पण आरशात तिच्या पोटाला नखाएवढी चीर दिसली. त्या चिरेवर बोट दाबले आणि इंजिनाची थरथर त्याच क्षणी थांबली. बोट उचलले की पुन्हा सुरू. स्कॅनरवरचा आकडा हळूहळू खाली येताना मी पाहिला, तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. वीतभर रबरी नळी आणि दोन क्लिप, एवढ्यात काम झाले. गाडीने आपले दुखणे पहिल्या दिवसापासून अचूक सांगितले होते. कोडला निदान समजून सुटे भाग बदलत जाण्याची सवय लागल्यामुळे ते कोणी ऐकले नव्हते. कोड म्हणजे रोग्याची तक्रार असते आणि निदान त्यानंतर करायचे असते, ही गोष्ट घरी काम करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावी.

म्हणून माझी तक्रार कॉम्प्युटरवर नाही. जी माहिती गाडीला असते ती मालकापासून दडवली जाते, यावर आहे. मागचे ब्रेक पॅड बदलणे हे काम घ्या. पूर्वी हँडब्रेकचा दांडा आणि केबल असे. पिस्टन आत सारून किंवा फिरवून नवे पॅड बसवले की काम संपले. आता बऱ्याच गाड्यांत बटणावर चालणारा पार्किंग ब्रेक असतो आणि मागच्या कॅलिपरवरच, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीवरच, छोटी मोटर बसवलेली असते. पॅड बदलण्याआधी तिला मागे फिरण्याचा हुकूम द्यावा लागतो. तो न देता पिस्टन जोराने दाबला तर आतली यंत्रणा मोडते. काही कंपन्यांनी हा हुकूम गाडीतल्याच बटणांनी किंवा मेनूतून देण्याची सोय ठेवली आहे. काहींनी ती फक्त आपल्या स्कॅनरपुरती ठेवली आहे. पॅड तेच, पाने तेच, आणि एका गाडीत जे काम घरी तासाभरात होते, ते दुसरीत करता येत नाही. या फरकाला तंत्रज्ञान जबाबदार नाही, कोणीतरी घेतलेला निर्णय जबाबदार आहे. बॅटरीचेही तसेच. चार्जिंगचा हिशेब ठेवणाऱ्या अनेक गाड्यांना नवी बॅटरी बसवल्याचे कळवावे लागते, नाहीतर त्या तिला जुनीच समजून चार्ज करत राहतात. कळवण्याची गरज मला पटते. पण ती नोंद मालकाला करता येऊ नये, हे पटत नाही.

डिपस्टिक काढून टाकणे ही तर मला अक्षम्य गोष्ट वाटते. काही गाड्यांत आता इंजिन ऑइल मोजायला ती पट्टीच नसते. पडद्यावर पातळी पाहा, असे सांगितले जाते. डिपस्टिक ज्याने पुसून, पुन्हा आत घालून, बाहेर काढून उजेडात धरली आहे, त्याला ठाऊक आहे की ती फक्त पातळी सांगत नाही. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी मिसळते आहे, त्याला पेट्रोलचा वास आला तर ते पातळ होते आहे, दोन बोटांत चोळल्यावर कण लागले तर आत काहीतरी झिजते आहे. सेन्सर पातळीचा आकडा देईल, पण हा वास आणि हा स्पर्श देणार नाही. शिवाय तो सेन्सरच बिघडला तर त्याची शहानिशा कशाने करायची? धातूच्या एका साध्या पट्टीने कोणत्याही नव्या तंत्राची वाट अडवली नव्हती.

काही कामे आता घरी करू नयेत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. समोरच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीची काच बदलली, की अनेकदा कॅमेरा नव्याने जुळवून घ्यावा लागतो. त्याच्या रोखात एका अंशाचा फरक राहिला, तर शंभर मीटरवर तो पावणेदोन मीटरचा होतो, म्हणजे गाडी शेजारच्या लेनमधले वाहन आपल्या लेनमध्ये आहे असे समजू शकते. एअरबॅगला आणि विजेवरच्या गाडीच्या नारिंगी वायरींनाही अनोळखी हात लागता कामा नये. त्या वायरींत शेकडो व्होल्ट असतात. पण विजेच्या गाडीलाही टायर, ब्रेक, सस्पेन्शन, केबिनचा फिल्टर आणि बहुधा बारा व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, तेव्हा ‘घरी काहीच करू नका’ असे सरसकट सांगणे तिथेही बरोबर नाही.

माहिती बंद ठेवण्याच्या बाजूने कंपन्या सायबर सुरक्षेचे कारण देतात, आणि ते पोकळ नाही. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी एका जीप गाडीवर दूर बसून इंटरनेटद्वारे ताबा मिळवून दाखवला आणि त्यानंतर सुमारे १४ लाख गाड्या सुधारणेसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्या घटनेपासून गाडीच्या आतल्या जाळ्याला कुलूप लावण्याची प्रथा वाढली. पण हा हल्ला मोबाइल नेटवर्कच्या वाटेने झाला होता, डॅशबोर्डखाली स्कॅनर लावून बसलेल्या मालकाने केला नव्हता. चावीची नोंद आणि इंजिनचा प्रोग्रॅम यांना कडक कुलूप असावे, कारण त्यावर चोरांचा डोळा असतो. बिघाडाचा कोड वाचणे, ब्रेकची मोटर मागे घेणे, नव्या बॅटरीची नोंद करणे ही मात्र देखभालीची कामे आहेत. दोन्हींना एकच कुलूप घालून सुरक्षिततेचे नाव सांगितले जाते, तेव्हा शंका घ्यायला जागा उरते.

ही मागणी वेडगळ नाही, हे दाखवणारी उदाहरणे आहेत. युरोपीय संघाने २००७ च्या नियमानेच स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मोटार दुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला आणि गाडी बिनतारी मार्गाने कंपनीला जी माहिती पाठवते तीही मालकाला मिळावी, या प्रस्तावाला तेथील मतदारांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांनी २०२० मध्ये कौल दिला. त्याला कंपन्यांच्या संघटनेने लगेच न्यायालयात आव्हान दिले. भांडण नेमके कशाचे आहे ते यावरून उघड होते. सॉकेटमधून मिळणारी माहिती जर उद्या फक्त हवेतून कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊ लागली, तर १९९६ मध्ये मिळालेली सोय कोणताही कायदा न मोडता निरुपयोगी होईल.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. आपले परीक्षक नव्या गाडीचा पडदा आणि ध्वनियंत्रणा तपासतात, तसेच त्यांनी बॉनेटही उघडावे. डिपस्टिक आहे का, हेडलाइटचा दिवा बंपर न काढता बदलता येतो का, मागचे पॅड कंपनीच्या स्कॅनरवाचून बदलता येतात का, दुरुस्तीची पुस्तिका मालकाला विकत मिळते का, हे कंपनीला लेखी विचारावे आणि मिळालेले उत्तर किंवा न मिळालेले उत्तर परीक्षणात छापावे. यासाठी चार ओळींची जागा पुरेल. गाडी घेण्यापूर्वी पुरवणी वाचणाऱ्यांत माझ्यासारखे अनेक जण असतील, आणि त्यांना ती माहिती गाडी घरी येण्याआधी हवी आहे.

आपला,
एक नियमित वाचक